५.१ चा झेनर ४.७ का दाखवतोय? (अर्धा वॅट, एक वॅट आणि फवारणी पंपाचं कटऑफ)

फ्यूजतार (सेलू)

राम राम मंडळी. सेलूला माझं रिपेरिंगचं दुकान आहे. सध्या तुरीवर फवारण्या चालू आहेत, त्यामुळं बॅटरीवाल्या पाठीवरच्या पंपांची दुकानात रांग लागलीय. पंपाला काही होत नाही, बॅटऱ्या मरायल्यात. १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी, फवारा पार मंद होईस्तोवर गडी पंप सोडत नाही, अन् रात्री लाइट नसली की ती तशीच रिकामी पडून राहते. असं दोन-चारदा झालं की बॅटरी बसलीच.

मनून एक बारकं कटऑफ बनवलं. एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी आयसी) अन् मोटर तोडायला आयआरएफझेड४४एन मॉस्फेट. बॅटरीतून १.५ के (दीड हजार ओहम) रेझिस्टर, त्याच्याखाली ५.१ चा झेनर (उलटा लावला की ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), तो कंपॅरेटरच्या वजा पिनला. बॅटरीचा व्होल्टेज १२ के अन् १० के नं विभागून अधिक पिनला. हिशेबानं ११.२ ला कट व्हायला पाहिजे.

पहिले बोर्ड काचेच्या बारक्या झेनरवर केले, बीझेडएक्स५५सी५व्ही१. बरोबर ११.२ ला कट. पुढचा माल आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, अर्ध्या वॅटचा कशाला नेता, एक वॅटचा न्या, मजबूत असतो. १एन४७३३ए दिला. बाकी सगळं तेच ठेवलं, अन् हे बोर्ड १०.४ ला कट करायलेत! झेनरवर मीटर लावला तर ४.७२. त्याच पाकिटातले अजून बदलून पाहिले, सगळे ४.७ च्या आसपासच. डुप्लिकेट माल गळ्यात मारला का?

बिनधास्त बाभूळ

शंभर टक्के डुप्लिकेट. ४.७ चा झेनर १एन४७३२ असतो, त्याच्यावरच ४७३३ छापून विकला असणार. पाकीट परत करा, अन् पैसे घेतल्याबिगर दुकानातून हलू नका.

जुना टीव्हीवाला (उदगीर)

बाभूळराव, जरा दमानं. आधी मीटर तपासा. मीटरचा ९ व्होल्टचा सेल उतरला की रीडिंग खोटं येतं. पण ते बहुतेक वेळा जास्त दाखवतं, कमी नाही. अन् बोर्डच १०.४ ला कट करतोय म्हणल्यावर मीटर खरंच बोलायला लागलाय. ४.७२ ला २.२ नं गुणा, १०.४ च येतं.

फ्यूजतार, झेनरमधून करंट किती जातोय तेवढं सांगा.

फ्यूजतार (सेलू)

काका, १०.४ मधून ४.७ गेले, राहिले ५.७. भागिले १.५ के. ३.८ मिलीअँपिअर.

मांजराकाठ (लातूर)

मग माल अस्सल आहे. दुकानदाराशी भांडू नका.

मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. झेनरवर ५.१ छापलेलं असतं ते अर्धंच वाक्य असतं. उरलेलं अर्धं डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात असतं: ‘इतक्या करंटला’. बीझेडएक्स५५ मालिकेतला ५.१ चा झेनर कंपनी ५ मिलीअँपिअरला मोजते. १एन४७३३ए मोजते ४९ मिलीअँपिअरला. दोघांवर आकडा एकच, पण मोजण्याची जागा दहापट लांब. तुम्ही दोघांना ४ मिलीअँपिअरवर ठेवलंत. काचेचा त्याच्या घरीच होता. एक वॅटवाल्याला मात्र तुम्ही त्याच्या गुडघ्यापाशी नेऊन बसवलंत, जिथं आलेख अजून सरळ उभा झालेला नसतो.

गावच्या पाझर तलावाचा सांडवा डोळ्यांपुढे आणा. झेनर म्हणजे तो सांडवा. आवक वाढली की जास्तीचं पाणी वरून जातं आणि तलावाची पातळी साधारण तिथंच राहते. साधारणच, कारण सांडव्यावरून पाणी जायला थोडी उंची लागतेच. आता एक वॅटचा झेनर म्हणजे रुंद सांडवा. त्याची पातळी मोठा लोंढा चालू असताना नोंदवलेली आहे. त्यावरून तुम्ही बारीकशी धार सोडलीत तर पाणी नोंदलेल्या रेघेच्या खालीच राहणार. अरुंद सांडव्यावर तीच धार रेघेला टेकते.

ही जी थोडी उंची लागते तिला झेनरचा डायनॅमिक रेझिस्टन्स म्हणतात. १एन४७३३ए चा ४९ मिलीअँपिअरला जास्तीत जास्त ७ ओहम, पण १ मिलीअँपिअरला हाच आकडा ५५० ओहमपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे कमी करंटला तो रेग्युलेटर कमी आणि रेझिस्टर जास्त. तुमची बॅटरी उतरेल तसा तुमचा संदर्भच, म्हणजे ज्या व्होल्टेजशी तुलना करायची तोच, तिच्याबरोबर खाली सरकतो. कटऑफच्या सर्किटला याहून वाईट काय असणार?

बिनधास्त बाभूळ

बरं, पैसे परत मागू नका. 😄

सेम_फाइव्ह (नांदेड)

सर, एक शंका. आमच्या पुस्तकात झेनरचा आलेख खाली एकदम सरळ काटकोनात वळवून दाखवलाय. अन् लिहिलंय की सगळे झेनर ‘झेनर इफेक्ट’नं चालतात. मग हा गुडघा गोल कसा काय?

मांजराकाठ (लातूर)

आलेख काढणाऱ्याकडे फूटपट्टी असते बाळा, डायोडकडे नसते.

झेनर इफेक्टचं नीट समजून घे, परीक्षेलाही विचारतात. सिलिकॉनच्या पी आणि एन भागात भेसळ (डोपिंग) खूप जास्त केली की मधला डिप्लीशन थर फार पातळ होतो. उलटा व्होल्टेज थोडाच दिला तरी एवढ्या पातळ थरात विद्युत क्षेत्र प्रचंड होतं आणि इलेक्ट्रॉन एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरळ आरपार जातात. ह्याला टनेलिंग म्हणतात. क्लॅरेन्स झेनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९३४ साली विद्युतरोधक पदार्थ कसे फुटतात याचा सिद्धांत मांडला, त्यात ही कल्पना होती. डायोड नंतर आला आणि नाव त्याचं लागलं.

भेसळ कमी केली की थर जाड होतो. तिथं टनेलिंग जमत नाही. पण व्होल्टेज वाढवत नेला की एखादा इलेक्ट्रॉन वेग घेतो, जाळीतल्या अणूला धडकतो, तिथून नवा इलेक्ट्रॉन सुटतो, ते दोघं पुढं आणखी धडकतात आणि करंट एकदम उसळतो. हा ॲव्हलांच. साधारण ५ व्होल्टच्या खाली टनेलिंगचं राज्य, ६ च्या वर ॲव्हलांचचं, आणि मध्ये दोन्ही मिळून. म्हणजे दुकानात ‘१२ चा झेनर द्या’ म्हणून जो घेतो तो खरं तर ॲव्हलांच डायोड असतो. कागदावर त्यालाही झेनरच म्हणतात, आपणही म्हणावं.

आता तुझा गोल गुडघा. टनेलिंग हळूहळू वाढतं, म्हणून ३.३, ३.९, ४.७ अशा कमी व्होल्टच्या झेनरचा गुडघा फार मऊ असतो. ॲव्हलांच एकदम फुटतो, म्हणून ७-८ व्होल्टच्या झेनरचा गुडघा कडक. डेटाशीटमध्येही दिसतं: १एन४७२८ए हा ३.३ चा, १० ओहम, तेही ७६ मिलीअँपिअर दिल्यावर. आणि १एन४७३५ए हा ६.२ चा, ४१ मिलीअँपिअरला फक्त २ ओहम. पुढं व्होल्टेज वाढेल तसे ओहम पुन्हा वाढत जातात, १५ व्होल्टच्या १एन४७४४ए ला १४.

वाळूज शिफ्ट

सरांच्या बोलण्यात एक भर. गरम झाल्यावर दोघं उलट वागतात, आणि शेतात वापरायच्या वस्तूला हे महत्त्वाचं आहे. तापमान वाढलं की टनेलिंग सोपं होतं, त्यामुळं ३.३ चा झेनर उन्हात खाली जातो. ॲव्हलांचमध्ये उलटं. उष्णतेनं जाळी जास्त हलते, इलेक्ट्रॉन वेग घ्यायच्या आतच धडकतो, म्हणून फुटायला व्होल्टेज जास्त लागतो आणि १२ चा झेनर उन्हात वर जातो. अंदाजे ८-९ मिलीव्होल्ट दर अंशाला. जानेवारीत पहाटे १२ अंश आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या डब्यात ६० अंश धरले तर पाव व्होल्टहून जास्त, जवळपास ०.४ चा फरक.

५.१ ते ५.६ च्या पट्ट्यात दोन्ही परिणाम एकमेकांना खातात आणि झेनर जवळपास जागचा हलत नाही. फ्यूजतार यांनी ५.१ निवडला तो उत्तम. आमच्याकडे लाइनवर संदर्भ म्हणून १२ चा झेनर कुणी टाकला तर त्याला डिझाइनवाले चहा पाजत नाहीत.

फ्यूजतार (सेलू)

सर, तुमचं वाचून रात्री दुकानातच बसलो. दोन बॅटऱ्या सिरीजला लावल्या, २५ व्होल्ट आले. तीन रेझिस्टर घेतले: ४.७ के, १ के अन् ३९० ओहम (हा दोन वॅटचा, तरी चांगला तापला).

एक वॅटवाला १एन४७३३ए: ४.७ के ला ४.७१, १ के ला ४.९५, ३९० ला ५.०९.
काचेचा: ४.७ के ला ५.०६, १ के ला ५.१८. ३९० ला लावला नाही, पन्नास मिलीअँपिअर त्याच्यात कामून घालायचे?

म्हणजे ५१ मिलीअँपिअर दिल्यावर एक वॅटवाला बरोबर ५.१ वर आला. माल चोख आहे. अन् काचेच्याला करंट जास्त दिला तर तो ५.१ च्या वर गेला. सांडवा समजला सर.

आता प्रश्न असा, की दुकानदार अन् इकडचे सगळे मेकॅनिक ‘झेनर एक वॅटचाच घे’ म्हणतात ते कुठून आलं?

जुना टीव्हीवाला (उदगीर)

ते माझ्यासारख्यांमुळं आलं. 😀

आमच्याकडे झेनर यायचा तो जळलेला यायचा. एलईडीचे दिवे, पाण्याच्या टाकीचे ऑटो स्विच, असल्या स्वस्त मालात ट्रान्सफॉर्मर नसतो. लाइनमध्ये ०.४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, पुढं ब्रिज अन् १२ चा झेनर. २३० व्होल्टला त्या कपॅसिटरमधून ३४ मिलीअँपिअर जाणार म्हणजे जाणारच, रिले ओढलेला असो वा नसो. रिले चालू असला की करंट रिलेत जातो, झेनर निवांत. रिले सुटला की सगळा करंट झेनरच्या डोक्यावर. १२ गुणिले ३४, म्हणजे ०.४ वॅट. अन् आपल्याकडं रात्री बारानंतर सगळ्या मोटारी बंद झाल्या की लाइन २७०-२८० ला जाते. मग तोच आकडा अर्ध्या वॅटला टेकतो. तिथं अर्ध्या वॅटचा काचेचा झेनर टाकला की काळा पडून शॉर्ट होतो. म्हणून आम्ही पोरांना सांगत आलो, एक वॅटचाच टाक.

लोकांना वाटतं लोड जास्त झाला की झेनर जळतो. उलटं आहे. लोड काढला की जळतो.

अन् हे वाचून कुणी घरी तसलं सर्किट उघडायला जाऊ नका. त्यात लाइन अन् आतला १२ व्होल्ट यांच्यात आडोसा नसतो. ‘१२ च व्होल्ट आहेत’ म्हणून हात लावला की २३० चा झटका. कपॅसिटर बदलायचाच तर एक्स२ (थेट लाइनवर लावायचा सुरक्षित प्रकार) लिहिलेलाच टाका.

वाळूज शिफ्ट

काकांचा मुद्दा सोळा आणे. पोराटोरांसाठी बॅटरीवरचा हिशेब मांडतो. बॅटरी ११ ते १४.४ (चार्जिंगला लावलेली असताना), झेनर ५.१, लोड २० मिलीअँपिअर, झेनरसाठी किमान ५ ठेवायचे. रेझिस्टर सगळ्यात वाईट, म्हणजे कमी व्होल्टवर काढायचा: ५.९ भागिले २५ मिलीअँपिअर, २३६ ओहम. मिळतो २२० चा. आता झेनरचा वॅट दुसऱ्या टोकाला तपासायचा: बॅटरी १४.४ आणि लोड काढलेला. ९.३ भागिले २२०, म्हणजे ४२ मिलीअँपिअर, गुणिले ५.१, म्हणजे ०.२२ वॅट. अर्ध्या वॅटचा पुरतो. पण रेझिस्टरमध्ये ०.३९ वॅट जातात, तो पाव वॅटचा टाकला तर झेनरच्या आधी तोच धुपेल. सगळं लक्ष झेनरवर आणि जळतो रेझिस्टर, असं बऱ्याचदा होतं.

सेम_फाइव्ह (नांदेड)

आमच्या लॅबच्या डब्यात काचेचे बारके डायोड सगळे एकत्र पडलेत. १एन४१४८ कोणता अन् झेनर कोणता, नंबर पुसलेत. मीटरच्या डायोड मोडवर दोन्ही ०.६-०.७ दाखवतात, उलटे केले की दोन्ही ओपन.

जुना टीव्हीवाला (उदगीर)

मीटरच्या डायोड मोडमध्ये दोन-तीन व्होल्टच असतात, तेवढ्यात ५.१ चा झेनर फुटणार कसा? २४-३० व्होल्टचा सप्लाय घे, ४.७ के सिरीजला टाक, पट्टी प्लसकडं ठेवून डायोड लाव अन् डायोडवर मीटर धर. झेनर असला की त्याचा आकडा दिसेल, १एन४१४८ असला की पूर्ण सप्लाय दिसेल. चुकून उलटा लागला तर दोन्हीला ०.७. पुरा सप्लाय दिसला म्हणजे झेनर नाहीच असंही समजू नको, ३३ चा झेनर ३० मध्ये फुटत नाही. जुन्या टीव्हीच्या ट्यूनरला ३३ व्होल्ट लागायचे, भंगारातल्या बोर्डांत ते सापडतात.

अन् ह्या चाचणीत जो आकडा येतो तो साधारण ५ मिलीअँपिअरचा आहे हे ध्यानात ठेव, नाहीतर तूही फ्यूजतारसारखा धागा काढशील.

बिनधास्त बाभूळ

एवढ्या भानगडीपेक्षा टीएल४३१ टाका की राव. दोन-पाच रुपयांत येतो.

मांजराकाठ (लातूर)

बाभूळ, ह्या खेपेला तुमचं बरोबर. टीएल४३१ दिसायला तीन पायांचा ट्रान्झिस्टर, पण आत २.४९५ व्होल्टचा पक्का संदर्भ आणि ॲम्प्लिफायर. रेफरन्स आणि कॅथोड जोडले की तो २.५ चा झेनर होतो, आणि १ ते १०० मिलीअँपिअरमध्ये हलला तर काही मिलीव्होल्टच हलतो. डायनॅमिक रेझिस्टन्स ओहमच्याही आत, साधारण ०.२. आपल्या झेनरचे ७ ओहम आठवा.

फ्यूजतार, तुमच्याच बोर्डात बसेल. वरचा १.५ के तसाच. विभाजक मात्र बदलावा लागेल: वर ३३ के आणि १.८ के सिरीजमध्ये, खाली १० के. कट ११.२ लाच येतो. पाय मात्र डेटाशीट बघूनच लावा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालात क्रम बदललेला दिसतो.

तरीही माझं मत विचाराल तर तुमच्या कामाला काचेचा झेनर पुरेसा आहे. बॅटरी ११.२ ला तुटली काय आणि ११.१ ला काय, तिला फरक पडत नाही. झेनरच्या नावातला ‘सी’ ५ टक्के फरक मान्य करतो, तेवढा एकदा मोजून घ्या.

वाळूज शिफ्ट

थोडं विषयांतर: मॉस्फेटच्या गेटवर झेनर टाकलाय का? आयआरएफझेड४४एन चा गेट २० व्होल्टपर्यंतच सहन करतो आणि मोटर बंद होताना उसळी मारते. गेट-सोर्समध्ये १५ चा झेनर ठेवा, अर्ध्या वॅटचा चालतो, कारण एरवी त्यात करंटच नसतो. आणि मोटरवर उलटा डायोड वेगळा हवाच, त्याचं काम हा झेनर करत नाही.

एकजण आमच्याकडे ‘घरात होता’ म्हणून गेटवर ५.१ चा ठेवून आला होता. गेट ५ च्या वर जाईना, मॉस्फेट अर्धवट चालू, आणि हीटसिंकवर चहा उकळेल इतका ताप.

फ्यूजतार (सेलू)

गेटवर १५ चा टाकला. मोटरवर डायोड आधीच आहे. राहिलेल्या बोर्डांत काचेचे झेनर बसवले, अन् एक वॅटवाले टाकीच्या ऑटो स्विचच्या रिपेरिंगला ठेवले, तिथं १.५ के मधून येते तशी बारीक धार नसते.

कट आता ११.२ ला होतंय, पण नवीन त्रास. कट झालं की मोटर थांबते, लोड सुटला की बॅटरी लगेच ११.८ ला येते, पंप परत चालू, दोन सेकंदांत परत कट. नोझल थुंकल्यासारखं करायलंय. गिऱ्हाईक म्हणतंय पंपाला उचकी लागली.

मांजराकाठ (लातूर)

झेनरचा यात दोष नाही, हिस्टेरिसिस, म्हणजे कट होण्याच्या आणि परत चालू होण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर, राहिलंय. एलएम३९३ च्या आउटपुटला बॅटरीपर्यंत १० के चा पुल-अप (आउटपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर) असेलच. आउटपुटपासून अधिक पिनला १०० के टाका. त्यानं कटचा आकडा खाली सरकतो, म्हणून विभाजकातल्या वरच्या १२ के ला सिरीजमध्ये आणखी १ के जोडा. हिशेब केला: कट ११.० ला, परत चालू १२.३ ला. उतरलेली बॅटरी नुसती थांबवून १२.३ वर येत नाही, चार्जरला लावावीच लागते.

फ्यूजतार (सेलू)

सर, टाकलं. १०.९७ ला कट, १२.२८ ला चालू. उचकी गेली. आता गडी म्हणतोय पंप लवकर बंद पडतो, आधीचाच बरा होता.